झोपवण्याआधी उठवणारा ठरवा: दोन पेन्सिल सेलवर एटीमेगा ३२८पी वर्षानुवर्षं चालवण्यासाठी

मामांच्या शेतातली पाण्याची टाकी घरापासून शंभरेक पावलांवर आहे. पंपाची वीज बरेचदा रात्रीची येते, ऑटो स्टार्टरमुळे मोटर आपोआप सुरू होते, आणि टाकी भरल्यावर कुणी बंद करायला गेलं नाही तर पाणी पहाटेपर्यंत वाहत राहतं. टाकीजवळ विजेची सोय नाही. म्हणून तिथे सेलवर चालणारी एक पेटी बसवायची ठरवली: आत एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर, एनआरएफ२४एल०१+ हा रेडिओ, टाकीत फ्लोट स्विच आणि शेजारच्या वाफ्यात मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर. टाकी भरली की घरातल्या पेटीला निरोप जायचा, आणि दर दहा मिनिटांनी ओलाव्याचा आकडा.

पहिला नमुना अर्डुइनो ऊनो या तयार बोर्डावर केला. त्याचे सेल दोन दिवसांत संपले. दुसऱ्या नमुन्यातली चिप झोपायची, सेलही टिकले, पण टाकी भरल्याचा निरोप अधूनमधून यायचाच नाही. चिप झोपलेलीच राहायची आणि पाणी वाहून जायचं. या दुसऱ्या चुकीनं मला जास्त शिकवलं. लो-पॉवर मोडबद्दल वाचताना सगळं लक्ष झोपेवर जातं, पण खरं काम उठण्याचं आहे. चिपला कोण उठवणार, कशानं उठवणार आणि उठल्यावर ती कोणत्या अवस्थेत असणार, हे आधी ठरलं की झोपेचा मोड जवळपास आपोआप ठरतो.

पुढचं सगळं एटीमेगा ३२८पी धरून लिहिलं आहे. शेवटी एसटीएम३२, एमएसपी४३० आणि ईएसपी३२ यांच्यात काय वेगळं आहे तेही सांगतो.

आधी कागदावर हिशेब

चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलची क्षमता साधारण २००० मिलिअँपिअर-तास धरा. दोन सेल एकामागे एक जोडले की व्होल्टेज दुप्पट होतं, क्षमता तेवढीच राहते.

ऊनो बोर्ड नुसता चालू ठेवला तरी ४५ ते ५० मिलिअँपिअर घेतो. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस तासांत सेल रिकामे. बोर्ड बाजूला ठेवून नुसती चिप ३ व्होल्टवर आणि ८ मेगाहर्ट्झला जागी ठेवली तर करंट ३ मिलिअँपिअरच्या आसपास येतो, म्हणजे जेमतेम चार आठवडे. तीच चिप पॉवर-डाउन या खोल झोपेच्या मोडमध्ये, वॉचडॉग (चिपमधला स्वतंत्र टायमर) चालू ठेवून झोपवली, तर डेटाशीटमधला ३ व्होल्टचा ठरावीक आकडा आहे ४.२ मायक्रोअँपिअर. वॉचडॉगही बंद केला तर ०.१ मायक्रोअँपिअर.

आता जागेपणाचा खर्च. दर दहा मिनिटांनी पेटी ०.३ सेकंद जागी राहते आणि त्या वेळात सरासरी १२ मिलिअँपिअर घेते असं समजू. १२ गुणिले ०.३ भागिले ६००, म्हणजे सरासरी ६ मायक्रोअँपिअर. झोपेतले चिपचे ४.२, पॉवर-डाउनमधल्या रेडिओचे ०.९. सगळे मिळून ११ मायक्रोअँपिअर. वर्षाचे तास ८७६०, म्हणजे वर्षाला शंभर मिलिअँपिअर-तासांपेक्षाही कमी. एवढ्या कमी खर्चात सेल वापरानं संपण्याआधी वयानंच संपतील.

या हिशेबातली लक्ष देण्यासारखी गोष्ट ही, की अर्ध्याहून अधिक खर्च जागेपणाचा आहे. झोपेतला एकेक मायक्रोअँपिअर वाचवण्यात आठवडा घालवण्याआधी ते ०.३ सेकंद ०.१ वर आणता येतात का ते बघा.

पहिली पायरी: उठवणारा कोण?

कागदावर दोन स्तंभ काढा. एकात उठवणाऱ्या घटना, दुसऱ्यात प्रत्येक घटनेला किती उशीर चालेल. माझ्या पेटीत दोन घटना होत्या: फ्लोट हलणं आणि दहा मिनिटं पूर्ण होणं.

३२८पीमध्ये झोपेचे सहा मोड आहेत. आयडल मोडमध्ये फक्त सीपीयूचा क्लॉक थांबतो. टायमर, सिरियल, एसपीआय चालूच राहतात आणि कोणताही चालू इंटरप्ट (हातातलं काम थांबवून लक्ष वेधणारा इशारा) चिपला उठवतो. अर्डुइनोच्या वातावरणात नुसता आयडल वापरून फारसं हाती लागत नाही, कारण वेळ मोजणारा टायमर ० हा १६ मेगाहर्ट्झच्या चिपला दर १.०२४ मिलिसेकंदाला उठवतो. एडीसी (व्होल्टेज मोजून आकडा देणारा भाग) नॉइज रिडक्शन हा मोड सेल वाचवण्यापेक्षा स्वच्छ रीडिंग मिळावं म्हणून आहे.

आपल्या कामाचा मोड पॉवर-डाउन. यात मुख्य क्लॉक पूर्ण थांबतो, त्यामुळे टायमर आणि सिरियल यांच्यापैकी कुणीही चिपला उठवू शकत नाही. उठवू शकतात ते क्लॉकशिवाय काम करणारे: रीसेट, ब्राउन-आउट रीसेट (पुरवठ्याचं व्होल्टेज फार उतरल्यावर होणारा), वॉचडॉग, टू-वायर बसवरचा पत्ता जुळणं, आयएनटी० आणि आयएनटी१ वरची लो पातळी, आणि पिन-चेंज इंटरप्ट (पिनची पातळी बदलली की येणारा). पॉवर-सेव्हमध्ये एवढंच, शिवाय टायमर २ जर ३२.७६८ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालत असेल तर तोही. स्टँडबाय आणि एक्स्टेंडेड स्टँडबाय हे अनुक्रमे याच दोघांचे भाऊ. फरक इतकाच की त्यात मुख्य ऑसिलेटर चालू राहतो, म्हणून चिप सहा क्लॉक सायकलमध्ये उठते आणि त्याची किंमत करंटमध्ये मोजावी लागते.

आता दुसऱ्या स्तंभाकडे बघा. टाकी भरल्याचं कळायला आठ सेकंद उशीर झाला तर बिघडतं का? अजिबात नाही. मग फ्लोटसाठी इंटरप्ट हवाच असं नाही. वॉचडॉग दर आठ सेकंदांनी उठवेल तेव्हा फ्लोटकडे एक नजर टाकली की झालं. आज मी तेच करतो. पण पर्जन्यमापकाचं झुलणारं भांडं रीड स्विचला क्षणभरच मिटवतं. तिथे आठ सेकंदांनी बघून काही दिसणार नाही, तिथे पिन-चेंजच लागेल. दाराची बेल, चालू-बंद बटण यांचंही तसंच. उशीर किती चालतो यावरून उठवणारा ठरवा.

दुसरी पायरी: बोर्डावरचे चोर

झोपेचं कोड लिहून करंट मोजला आणि तो मिलिअँपिअरमध्येच आला, तर बहुतेक वेळा दोष कोडचा नसतो. ऊनोवर यूएसबीसाठी दुसरी स्वतंत्र चिप आहे, व्होल्टेज रेग्युलेटर आहे, कायम जळणारा पॉवर एलईडी आहे. मुख्य चिप झोपली म्हणून ही मंडळी झोपत नाहीत. अर्डुइनो प्रो मिनी घेतला तर त्याचा पॉवर एलईडी आणि रेग्युलेटर काढून टाकता येतो. त्याहून बरं म्हणजे सुटी चिप. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला २८ पिनची डीआयपी चिप मिळते. घेताना शेवटचं ‘पी’ अक्षर बघून घ्या. नुसत्या ३२८मध्ये झोपेत ब्राउन-आउट डिटेक्टर बंद करण्याची सोय नाही. प्रोग्रॅमरला जोडल्यावर सिग्नेचरही वेगळी दिसते: ३२८पीची १ई ९५ ०एफ, ३२८ची १ई ९५ १४.

३२८पी १.८ ते ५.५ व्होल्टवर चालते, त्यामुळे दोन पेन्सिल सेल थेट जोडा, रेग्युलेटर नको. क्लॉक मात्र व्होल्टेज बघून ठरवायचा. १.८ व्होल्टला ४ मेगाहर्ट्झपर्यंत, २.७ व्होल्टला १० मेगाहर्ट्झपर्यंत अशी मर्यादा आहे. १६ मेगाहर्ट्झ तीन व्होल्टवर चालवणं नियमाबाहेरचं. आतला ८ मेगाहर्ट्झचा आरसी ऑसिलेटर वापरला की क्रिस्टलचीही गरज नाही, आणि उठतानाही तो फक्त सहा क्लॉक सायकल घेतो. क्रिस्टलला नेहमीच्या फ्यूज सेटिंगवर स्थिर व्हायला १६ हजारांवर सायकल लागतात, म्हणजे ८ मेगाहर्ट्झला दोन मिलिसेकंद. पेटी दिवसातून हजारो वेळा उठत असेल तर हा फरक जाणवतो.

आणखी तीन ठिकाणी करंट गळतो आणि पटकन लक्षात येत नाही.

बॅटरी मोजण्यासाठी लावलेला व्होल्टेज डिव्हायडर: लिथियम सेलवर दोन १० किलो-ओहमचे रेझिस्टर लावले की ३.७ व्होल्टला १८५ मायक्रोअँपिअर कायम वाहतात. डिव्हायडर काढूनच टाका. चिपच्या आत १.१ व्होल्टचा बँडगॅप संदर्भ आहे. पुरवठ्याचं व्होल्टेज संदर्भ धरून एडीसीनं तो बँडगॅप मोजा आणि उलट गणित करा: १.१ गुणिले १०२४ भागिले रीडिंग. प्रत्येक चिपचा बँडगॅप १.० ते १.२ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकतो, म्हणून मल्टीमीटर लावून एकदा प्रत्यक्ष किंमत काढून कोडमध्ये टाका.

मिटलेला स्विच: आतला पुल-अप, म्हणजे पिन हायकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर, २० ते ५० किलो-ओहमचा असतो. फ्लोट रात्रभर मिटलेला राहिला तर ३ व्होल्टला ६० ते १५० मायक्रोअँपिअर नुसते जमिनीत जातात, झोपेच्या खर्चाच्या कितीतरी पट. एकतर बाहेरून १ मेगा-ओहमचा पुल-अप लावा, म्हणजे ३ मायक्रोअँपिअर, आणि लांब वायरवरचा गोंगाट दाबायला पिनपाशी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. किंवा आठ-आठ सेकंदांनी बघणार असाल तर त्या क्षणापुरता आतला पुल-अप चालू करा, थोडं थांबून वाचा, लगेच बंद करा.

सेन्सरचा पुरवठा: सेन्सर चिपच्या एखाद्या पिनवरून चालवा, म्हणजे नको तेव्हा बंद करता येतो. २० मिलिअँपिअरच्या आत असेल तर पिन पुरते, जास्त असेल तर मॉसफेट लावा. पण पुरवठा बंद केल्यावर त्याच सेन्सरच्या सिग्नल पिनवर आपल्या चिपनं हाय पातळी ठेवली, तर सेन्सर त्या वाटेनं अर्धवट जिवंत राहतो. पुरवठा बंद करताना सिग्नल पिनही लो करा.

तिसरी पायरी: अंथरूण घालणं

झोपेआधीची आवराआवर करताना हा क्रम ठेवा.

सिरियलवर काही पाठवलं असेल तर बफर रिकामा होऊ द्या. अर्डुइनोत फ्लश बोलवा. नाहीतर शेवटची अक्षरं अर्ध्यातच थांबतात आणि समोर कचरा दिसतो.

एडीसी बंद करा, म्हणजे एडीसीएसआरए रजिस्टरमधला एडीईएन बिट शून्य करा. पॉवर-डाउनमध्ये एडीसी आपोआप बंद होत नाही. तो चालू राहिला तर करंट शेकडो मायक्रोअँपिअरमध्ये जातो. ‘झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही’ म्हणतात. एडीसी चालू ठेवून झोपलेली चिप हे असं सोंगच आहे. बाहेरून झोपलेली, आतून सेल खाणारी. एडीसी बंद केल्यानंतरच पीआरआर रजिस्टरमधला एडीसीचा बिट लावायचा, आधी नाही.

रेडिओला पॉवर-डाउनची आज्ञा द्या. एनआरएफ२४ त्या अवस्थेत आपली रजिस्टरं जपून ठेवतो, त्यामुळे उठल्यावर सगळी जुळवणी पुन्हा करावी लागत नाही.

न वापरलेल्या पिना तरंगत ठेवू नका. पुल-अप चालू करा किंवा आउटपुट लो करा. जी पिन चिपला उठवण्यासाठी चालू आहे तिचा इनपुट बफर झोपेतही जागा असतो. तिच्यावर अधलंमधलं व्होल्टेज राहिलं तर तिथून करंट गळतो.

चौथी पायरी: वॉचडॉगला गजराचं घड्याळ बनवणं

वॉचडॉगला स्वतःचा १२८ किलोहर्ट्झचा ऑसिलेटर आहे, म्हणून मुख्य क्लॉक थांबला तरी तो चालतो. वेळ १६ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंत निवडता येते. दहा मिनिटांसाठी आठ सेकंदांचे ७५ ठोके मोजायचे. प्रत्येक ठोक्याला चिप उठते, मोजणी एकनं वाढवते, फ्लोट बघते आणि पुन्हा झोपते. सगळं मिळून मिलिसेकंदाचाही भाग नाही.

त्याची सेटिंग बदलण्यावर कुलूप आहे. डब्ल्यूडीटीसीएसआर रजिस्टरमध्ये आधी डब्ल्यूडीसीई आणि डब्ल्यूडीई हे दोन्ही बिट एकदम लावायचे, आणि त्यानंतर चार क्लॉक सायकलच्या आत डब्ल्यूडीसीई शून्य ठेवून नवी किंमत लिहायची. मध्ये इंटरप्ट आला तर चार सायकल निघून जातात आणि सेटिंग लागत नाही, म्हणून हे काम इंटरप्ट बंद करूनच करा. आठ सेकंदांसाठी डब्ल्यूडीपी३ आणि डब्ल्यूडीपी० हे दोन बिट.

शेतात ठेवायच्या पेटीसाठी मी इंटरप्ट आणि रीसेट दोन्ही चालू ठेवतो, म्हणजे डब्ल्यूडीआयई आणि डब्ल्यूडीई दोन्ही. वेळ संपली की आधी इंटरप्ट येतो आणि तो हाताळताना हार्डवेअर डब्ल्यूडीआयई बिट स्वतःच शून्य करतं. प्रोग्रॅमनं झोपेआधी तो पुन्हा लावला तर पुढच्या वेळी परत इंटरप्ट. प्रोग्रॅम कुठे अडकून पडला आणि बिट लावला गेला नाही, तर पुढच्या आठ सेकंदांनी सरळ रीसेट. एकाच वॉचडॉगकडून गजर आणि राखण अशी दोन्ही कामं होतात, आणि पेटी अडकली म्हणून कुणाला चिखल तुडवत जावं लागत नाही.

वॉचडॉगनं रीसेट केल्यावर तो १६ मिलिसेकंदांवर चालूच राहतो. त्यामुळे प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला एमसीयूएसआर रजिस्टरमधला डब्ल्यूडीआरएफ फ्लॅग पुसा आणि मग वॉचडॉग बंद करा. उलट क्रमानं बंदच होत नाही, आणि चिप रीसेटच्या फेऱ्यात सापडते.

हा ऑसिलेटर घड्याळाइतका नेमका नाही. तापमान आणि व्होल्टेजबरोबर वेग बदलतो. ओलाव्याच्या आकड्याला चालतं. नेमकी वेळ हवी असेल तर पॉवर-सेव्ह मोड आणि टायमर २ला ३२.७६८ किलोहर्ट्झचं क्रिस्टल. १०२४ च्या भागाकारानं तोही बरोबर आठ सेकंदांनी उठवतो. क्रिस्टलच्या पिना मुख्य क्लॉकच्या क्रिस्टलच्याच असल्यानं मुख्य क्लॉक आतला आरसी ठेवावा लागतो. आणि उठल्यावर त्या छोट्या क्रिस्टलचं एक आवर्तन, म्हणजे सुमारे ३० मायक्रोसेकंद, पूर्ण होण्याआधी पुन्हा झोपलात तर पुढचा इंटरप्ट येतच नाही. उपाय: टायमर २च्या एखाद्या रजिस्टरमध्ये काहीतरी लिहा, एएसएसआरमधला त्याचा बिझी फ्लॅग उतरेपर्यंत थांबा, मग झोपा.

पाचवी पायरी: झोपेचा उंबरठा

आता माझ्या हरवलेल्या निरोपांची गोष्ट. त्या नमुन्यात वॉचडॉग नव्हता, फक्त फ्लोटचा पिन-चेंज इंटरप्ट होता. कोडचा क्रम असा: फ्लॅग (इंटरप्ट येऊन गेल्याची प्रोग्रॅममधली खूण) बघा, फ्लॅग लागलेला नसेल तर रेडिओ बंद करा, एडीसी बंद करा, झोपा. वाचायला निर्दोष.

पण फ्लोट पाण्यावर असतो. टाकी भरत आली की तो हिंदकळतो, एकदा मिटतो, सुटतो, पुन्हा मिटतो. पहिल्या हालचालीनं चिप उठायची, फ्लोट सुटलेला बघून ‘अजून भरली नाही’ म्हणायची आणि झोपायच्या तयारीला लागायची. नेमक्या त्या तयारीत, म्हणजे फ्लॅग बघून झाल्यावर आणि झोपेच्या आज्ञेआधी, फ्लोट कायमचा मिटायचा. इंटरप्ट यायचा, फ्लॅग लागायचा, इंटरप्टचं काम संपून प्रोग्रॅम जिथे थांबला होता तिथून पुढे जायचा. पुढची आज्ञा काय? झोप. आता पाणी स्थिर, फ्लोट हलणार नाही, उठवणारं कुणी नाही. टेबलावर हातानं स्विच दाबून तपासलं तेव्हा हे एकदाही घडलं नाही.

यावरचा इलाज ३२८पीच्या एका हमीवर उभा आहे: सेई ही इंटरप्ट चालू करणारी आज्ञा दिल्यावर, तिच्या लगेच पुढची एक आज्ञा पूर्ण झाल्याशिवाय कोणताही ताटकळलेला इंटरप्ट घेतला जात नाही. म्हणून क्रम असा:

१. रेडिओ, एडीसी, पिना यांची सगळी आवराआवर आधीच उरका.
२. एसएमसीआर रजिस्टरमध्ये पॉवर-डाउनचे बिट लिहा (०१०).
३. सीएलआय आज्ञेनं सगळे इंटरप्ट बंद करा.
४. आता फ्लॅग बघा. लागलेला असेल तर इंटरप्ट चालू करून कामाला परत जा.
५. नसेल तर स्लीप एनेबल बिट, म्हणजे एसई, लावा.
६. ब्राउन-आउट डिटेक्टर झोपेपुरता बंद करा.
७. सेई.
८. लगेच स्लीप. सात आणि आठच्या मध्ये एकही ओळ नको.
९. उठल्यावर पहिलं काम, एसई बिट शून्य.

चौथ्या आणि आठव्या पायरीच्या मध्ये फ्लोट हलला तर इंटरप्ट हरवत नाही, तो दाराशी थांबून राहतो. सेईनंतर स्लीप आज्ञा चालते, चिप झोपते आणि ताटकळलेला इंटरप्ट तिला ताबडतोब उठवतो. फट बुजली.

सहाव्या पायरीबद्दल थोडं. ब्राउन-आउट डिटेक्टर झोपेतही चालू राहिला तर वीसेक मायक्रोअँपिअर घेतो, आपल्या एकूण खर्चाच्या दुप्पट. तो बंद करायला एमसीयूसीआर रजिस्टरमध्ये बीओडीएस आणि बीओडीएसई लावून लगेच बीओडीएसई शून्य करायचा असतो, आणि त्यानंतर तीन सायकलच्या आत झोपावं लागतं. नाहीतर बिट आपोआप उतरतो. म्हणूनच ही पायरी सेईच्या अगदी अलीकडे आहे. एव्हीआर-लिबसीमध्ये, म्हणजे ३२८पीच्या एव्हीआर घराण्याच्या सी लायब्ररीत, यासाठी तयार मॅक्रो आहे, तोच वापरा. उठताना डिटेक्टर पुन्हा सावध व्हायला साधारण ६० मायक्रोसेकंद जातात.

इंटरप्टचं फंक्शन लिहायला विसरू नका, मग ते रिकामं का असेना. इंटरप्ट चालू आहे आणि त्याचं फंक्शनच नाही, अशी स्थिती असेल तर कंपायलरचं ठरलेलं वर्तन म्हणजे प्रोग्रॅम शून्य पत्त्यावर, सुरुवातीला जातो. मग चिप ‘उठल्यावर रीसेट होते’ असं वाटतं आणि माणूस वीजपुरवठ्यात दोष शोधत बसतो. फंक्शनमध्ये फक्त फ्लॅग लावा. तो फ्लॅग व्होलाटाइल जाहीर करा, नाहीतर कंपायलर तो पुन्हा वाचेलच असं नाही.

आयएनटी०वरची लो पातळी वापरत असाल तर दोन गोष्टी सांभाळा. पिन लो आहे तोवर तो इंटरप्ट पुन्हापुन्हा येतच राहतो, म्हणून फंक्शनमधली पहिली ओळ त्याला बंद करणारी हवी. आणि चिप पूर्ण उठेपर्यंत पातळी लो राहिली पाहिजे. आधीच सुटली तर चिप उठते, पण इंटरप्टचं फंक्शन चालत नाही, फ्लॅग लागत नाही.

उठल्यानंतर

३२८पी रीसेटशिवाय उठली तर रॅम आणि रजिस्टरं जशीच्या तशी असतात. क्लॉक स्थिर व्हायचा वेळ आणि वर चार सायकल गेल्यावर आधी इंटरप्टचं फंक्शन चालतं, मग स्लीपच्या पुढची ओळ. अर्डुइनोचं वेळ सांगणारं मिलिस हे फंक्शन मात्र झोपेत पुढे सरकलेलं नसतं, त्यामुळे वेळेचा हिशेब ठोके मोजूनच ठेवा.

सेन्सरला चालू करून तो स्थिर होईपर्यंत डिले लावून जागं राहू नका. त्या ५० किंवा १०० मिलिसेकंदांसाठी वॉचडॉग ६४ किंवा १२५ मिलिसेकंदांवर लावून पुन्हा पॉवर-डाउनमध्ये जा. पिनवरची हाय पातळी झोपेतही टिकते, सेन्सर चालूच राहतो. माझा जागेपणाचा वेळ सर्वात जास्त इथेच कमी झाला. एडीसी चालू केल्यावरचं पहिलं रीडिंग टाकून द्या. निरोप पाठवताना समोरून पोच आली नाही तर तीनदा प्रयत्न करा आणि सोडून द्या. घरातली पेटी बंद असताना रात्रभर पुन्हापुन्हा पाठवत राहिल्यानं सेल संपतात.

मोजल्याशिवाय खरं मानू नका

मल्टीमीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर लावून पेटी चालू केली की ती बहुतेक वेळा सुरूच होत नाही. त्या रेंजमध्ये मीटरच्या आत शंभरेक ओहमचा किंवा त्याहून मोठा रेझिस्टर मध्ये येतो. रेडिओ चालू होऊन १५ मिलिअँपिअर वाहिले की १०० ओहमवरच दीड व्होल्ट पडतो आणि चिप रीसेट होते. मीटरच्या दोन्ही टोकांना जोडणारी एक वायर लावून ठेवा, पेटी सुरू होऊन झोपू द्या, मग वायर काढून आकडा वाचा आणि पुढच्या कामाच्या आत परत लावा. मोजण्यापुरतं कोडमध्ये कायमची झोप ठेवली तर आणखी सोपं.

मीटरवर भरवसा नसेल तर कपॅसिटर. चिप झोपल्यावर सेल काढून तिला १००० मायक्रोफॅरडच्या भरलेल्या कपॅसिटरवर सोडा. २० सेकंदांत व्होल्टेज ०.१ नं उतरलं तर करंट ५ मायक्रोअँपिअर. कपॅसिटरची स्वतःची गळती आधी चिपशिवाय मोजून वजा करा, आणि मीटर सतत लावून ठेवू नका, सुरुवातीला आणि शेवटी टेकवा.

मोजताना यूएसबी-सिरियल अडॅप्टर आणि प्रोग्रॅमर काढलेला हवा. अडॅप्टरची हाय असलेली पिन आपल्या चिपच्या संरक्षक डायोडमधून तिला करंट पुरवते. सेल काढला तरी चिप चालू राहते, आणि मीटरवर शून्य किंवा उणे आकडा दिसतो.

करंट जास्त आला तर अंदाज बांधत बसू नका. सगळं काढून नुसती चिप झोपवा, आकडा डेटाशीटशी जुळवा, मग एकेक भाग जोडत जा. ज्या भागाबरोबर आकडा उडी मारतो तिथे चोर आहे.

दुसऱ्या चिपवर जाताना

एसटीएम३२, म्हणजे कॉर्टेक्स-एम घराण्यात, झोपेच्या उंबरठ्यावरची फट वेगळ्या रीतीनं बुजते. डब्ल्यूएफआय या आज्ञेनं झोपलेली चिप इंटरप्ट प्रायमास्क या रजिस्टरनं अडवलेले असतानाही उठते. म्हणून इंटरप्ट अडवा, फ्लॅग बघा, डब्ल्यूएफआय द्या, उठल्यावर इंटरप्ट मोकळे करा. एव्हीआरवर हीच रीत वापरून इंटरप्ट बंद ठेवून झोपलात, तर चिप फक्त रीसेटनंच उठेल. साध्या स्लीप मोडमध्ये सिसटिक हा टायमर दर मिलिसेकंदाला उठवतो, आधी तो थांबवा. स्टॉप मोडमधून उठल्यावर एसटीएम३२एफ१०३ आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या एचएसआय क्लॉकवर असते. ७२ मेगाहर्ट्झची जुळवणी पुन्हा केली नाही तर सिरियलचा वेग चुकतो. स्टँडबायमधून उठणं म्हणजे रीसेटच, रॅम गेलेली.

एमएसपी४३० मध्ये झोपेचे बिट स्टेटस रजिस्टरमध्येच असतात. इंटरप्ट आला की ते रजिस्टर स्टॅकवर जातं, आणि इंटरप्ट संपल्यावर जसंच्या तसं परत येतं, झोपेच्या बिटांसकट. म्हणजे काहीच केलं नाही तर चिप फंक्शन चालवून पुन्हा झोपते, मुख्य प्रोग्रॅम पुढे सरकत नाही. खरंच जागं राहायचं असेल तर फंक्शनमधून बाहेर पडताना स्टॅकवरच्या प्रतीतले ते बिट पुसावे लागतात.

ईएसपी३२ची डीप स्लीप म्हणजे प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून पुन्हा. जपायचं ते आरटीसी मेमरीत ठेवा आणि सुरुवातीलाच उठण्याचं कारण विचारा: टायमर, पिन की टच. ईएसपी८२६६ मध्ये टायमर चिपला थेट उठवत नाही. तो जीपीआयओ१६ पिन खाली ओढतो, म्हणून ती पिन रीसेटला वायरनं जोडावी लागते. ती वायर नसेल तर चिप एकदा झोपते आणि हातानं रीसेट दिल्याशिवाय उठत नाही.

आणि कोणतीही चिप असो, पहिल्या झोपेआधी दोन-तीन सेकंदांची वाट ठेवा. सुरू होताच खोल झोपणाऱ्या एसटीएम३२मध्ये डीबगरला शिरायला वेळच मिळत नाही आणि चिप मेली असं वाटतं. तशी अडकलीच तर प्रोग्रॅमरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कनेक्ट अंडर रीसेट’ निवडा, रीसेटची वायर जोडा आणि जुना प्रोग्रॅम पुसून टाका.